स्थानिक पालक, मुक्काम सायखेडा

नाशिकला जाऊन आलेल्या माणसाला लोक काय विचारणार, ते ठरलेलं असतं. चिवडा आणला का, द्राक्षं निघाली का, पंचवटीत गर्दी होती का. मी चार दिवस राहून रिकाम्या हाताने नांदेडला परतले, तर आमच्या बँकेतल्या बायकांनी मला कंजूष ठरवून टाकलं. "अहो, चार दिवस केलंत तरी काय?" असं त्यांनी विचारलं. "काही नाही, लेकीला भेटून आले," असं म्हणून मी काउंटरकडे वळले. पण ते उत्तर तेव्हापासून मला टोचतं आहे. ज्यांची मुलं संध्याकाळी घरीच असतात त्यांना नाशिकची ही बाजू ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून लिहिते आहे.

माझी मुलगी ईश्वरी तेरा वर्षांची आहे, आठवीत. सहावीपासून ती नाशिकच्या एका निवासी शाळेत आहे. कारण साधं होतं. नवऱ्याची औषध कंपनीतली फिरतीची नोकरी आणि माझी शाखा भोकरला. सकाळी साडेसातला घर सोडायचं ते रात्री आठला परत यायचं. नऊ वर्षांची असल्यापासून ईशू शाळेतून आली की शेजारून किल्ली घ्यायची, कुलूप काढायची आणि आतून कडी लावून बसायची. एकदा मी आले तर घरातले सगळे दिवे, सगळे पंखे आणि टीव्ही चालू, आणि ही देवघराच्या कोपऱ्यात दप्तर पोटाशी धरून बसलेली. "मोठी झालीस ना आता?" असं म्हणून मी तिला जेवायला वाढलं, आणि दुसऱ्या दिवसापासून निवासी शाळांची माहिती काढायला लागले. निर्णय घेण्यात मी पटाईत आहे. बँक मला त्याचाच पगार देते.

यंदा संक्रांतीच्या आसपास माझी बदली नांदेड शहरातच झाली. ऑर्डर हातात पडल्याबरोबर मी शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज टाइप केला, त्यावर नवऱ्याची सही घेतली आणि कुणालाही न कळवता गाडीचं तिकीट काढलं. लेकीला चकित करायचं होतं. वार्षिक परीक्षा झाली की नववीपासून घरी, हे तिला समोर बसवून सांगायचं होतं. वीस धपाटे केले, दह्यातली मिरची घेतली, शेंगदाण्याची चटणी कुटली. प्रवासात माझ्याशेजारी कोण बसलं होतं ते आठवत नाही. ही बातमी ऐकल्यावर ईशू काय करेल, हेच मी सगळ्या वाटेवर बघत होते.

शुक्रवार, गंगापूर रोड

नाशिकची थंडी आमच्या नांदेडच्या माणसाला खोटी वाटते. आमच्याकडे जानेवारीत दुपारी पंखा लागतो. इथे दहा वाजता रिक्षावाला कानाला मफलर गुंडाळून बसला होता. गंगापूर रोडला दोन्ही बाजूंनी कॉफीची दुकानं, क्लासचे फलक, काचेच्या इमारती. त्या संपल्या की अधूनमधून द्राक्षांचे मांडव दिसायला लागतात, आणि अशाच एका मांडवापलीकडे शाळेचं निळं फाटक आहे. सुट्टीला सोडायला आणि न्यायला यायचे तेव्हा हे फाटक सताड उघडं असायचं. बंद असलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

वॉचमन काका खुर्चीवरून उठले नाहीत. "आज भेट नाही मॅडम. दुसऱ्या रविवारी या."

"मी ईश्वरीची आई आहे. नांदेडहून आले आहे."

"असाल ना. कार्ड दाखवा."

"कसलं कार्ड? आई आहे म्हटलं ना मी."

त्यांनी टेबलावरची जाड फाइल उघडली, थुंकी लावून पानं उलटली आणि एक पान माझ्याकडे फिरवलं. वर माझ्या मुलीचं नाव, इयत्ता, तुकडी. खाली प्लास्टिकमध्ये एक फोटो. डोक्यावर पदर, कपाळावर मोठं कुंकू, फोटो काढताना बाईने श्वास रोखून धरलेला. "ह्या बाई येतात," काका म्हणाले. "ह्यांना ओळखतो मी. तुम्हाला नाय ओळखत."

हे कर्म माझंच होतं. प्रवेशाच्या दिवशी फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'स्थानिक पालक'. नाशिक जिल्ह्यात राहणारं माणूस हवं. अधेमधे मुलीला भेटायला, बाहेर न्यायला, आजारपणात धावून यायला. आमचं नाशकात कुणी म्हणता कुणी नव्हतं, आणि रकाना रिकामा असेल तर फॉर्म परत येत होता. रांगेत माझ्यापुढे नाशिकजवळच्या सायखेड्याच्या एक बाई होत्या, त्याही आपल्या मुलीला घालायला आलेल्या. मी त्यांना म्हटलं, "ताई, तुमचं नाव लिहू का? नुसतं नावापुरतं हो." त्या म्हणाल्या, "लिवा की. नाव लिवल्यानं काय झिजतंय." त्यांच्याकडे एक फोटो जास्तीचा होता, तो चिकटवला. ज्याचा फोटो त्याच्याकडे कार्ड, असा शाळेचा नियम. मी फॉर्म भरण्यात इतकी तरबेज की दहा मिनिटांत काम उरकलं, आणि स्वतःवर खूश होऊन ईशूला आइस्क्रीम खायला घेऊन गेले. त्या बाईंचं नाव कुसुम, एवढं लक्षात राहिलं. दिवाळीला दरवर्षी त्यांना मिठाईचा खोका कुरिअर केला की माझ्या मनाने फिट्टंफाट व्हायची.

बरीच हुज्जत घातल्यावर रेक्टर मॅडमनी मला दहा मिनिटं दिली, तीही त्यांच्या ऑफिसात, त्यांच्यासमोर. ईशू आली ती जवळजवळ पळतच. दारात थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा?" ती म्हणाली.

मला कळेना. रेक्टर मॅडमना कळलं. "सगळे बरे आहेत," त्या तिला म्हणाल्या, आणि मग मला समजावून सांगितलं. आठवड्याच्या मधे ऑफिसातून बोलावणं आलं की मुलींना वाटतं घरी कुणीतरी गेलं. मी जे सरप्राईज द्यायला निघाले होते ते असं पोचलं.

त्या दहा मिनिटांत ती हात पाठीमागे बांधून उभी राहिली. मी जवळ घेतलं तर आली, पण रेक्टर मॅडमकडे बघत आली. एरवी बँकेत मी समोरच्याला बोलू देत नाही आणि इथे मला विषय सुचेना. "वेण्या छान घातल्यात गं. कोण घालतं?"

"आम्हीच. ओळीने बसतो, पुढचीची घालतो."

"आणि शेवटी बसते तिची?"

"तिची पहिली घालते. पहिली उठून मागे येते."

मी धपाट्यांचा डबा काढला. बाहेरचं अन्न चालत नाही, असं रेक्टर मॅडमनी सांगायच्या आधीच ईशू म्हणाली, "आई, नियम आहे." अर्ज माझ्या पर्समध्ये होता. परक्या बाईसमोर तो कसा काढणार? घंटा झाली आणि ती गेली. दहा मिनिटंही पुरती झाली नव्हती.

फाटकाबाहेर येऊन मी कुसुमताईंना फोन लावला. नंबर 'कुसुम सायखेडा फॉर्म' या नावाने सेव्ह होता. आवाज ऐकताच त्यांनी ओळखलं. "ताई! नाशकात आल्या? मंग उद्या बारा वाजता गेटावर या की. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार सोडत्यात, मी न्यायला येतेच हाय तिला."

"न्यायला? कुठे?"

"घरी," त्या म्हणाल्या.

पंचवटी

उरलेला दिवस काढायचा म्हणून पंचवटीत एका धर्मशाळेत खोली घेतली. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून मोटारसायकल आली की माणसाने दुकानाच्या पायरीवर चढायचं. भाजी स्वस्त आणि ताजी. मेथीच्या जुड्या तर अशा की आमच्याकडे त्या एकीच्या तीन करून विकतील. नदीला इथलेही लोक गंगाच म्हणतात, आमच्या नांदेडसारखं. घाटावर एका उपाध्यायांनी गाठलंच. गाव कुठलं, आडनाव काय, संकल्प सोडायचा का. मी नको म्हटलं. त्यांचा आग्रह नव्हता, गप्पांची हौस होती. "एकट्याच आलात?" त्यांनी विचारलं.

"मुलगी इथे शिकायला आहे."

"मग नाशकात तुमचं घर आहे म्हणा की."

मी हो म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. गार वारा सुटला होता, खांद्यावरची शाल पुरत नव्हती. डबा तसाच होता, त्यातले दोन धपाटे घाटावर बसून खाल्ले. बाकीचे झाकून ठेवले. दुपारपासून एकच शब्द कानात घुमत होता, आणि तो दुसऱ्या बाईच्या तोंडून आलेला होता.

शनिवार, सायखेडा

बारा वाजून वीस मिनिटांनी एक पिकअप फाटकाशी येऊन थांबली. मागे रिकामे क्रेट. पहाटे मार्केटला भाजी घालून कुसुमताई आणि त्यांचे मालक परत चालले होते. ताई उतरल्या, मला नमस्कार केला आणि कमरेच्या पिशवीतून ते कार्ड काढून काकांपुढे धरलं. काकांनी कार्ड बघितलंही नाही. "आज उशीर झाला माई," एवढंच म्हणाले.

ईशू आली ती दप्तर हलवत, हसत. कालची मुलगी ही नव्हेच. "माई, पल्लवीने माझी वही दिलीय का?" असं आधी त्यांना विचारलं, मग मी दिसले आणि ती चालता चालता हळू झाली. पुढे येऊन माझ्या पाया पडली. घरी कधी पडत नाही. मग पिकअपच्या चाकावर पाय देऊन सवयीने मागे चढली आणि क्रेटवर पोतं टाकून बसली. "अगं, पडशील," मी ओरडले. कुसुमताई म्हणाल्या, "नाय पडत ताई. ती तिची जागाच हाय."

नाशिकपासून सायखेड्यापर्यंत कांदा, द्राक्ष, ऊस, पुन्हा कांदा. आमच्या कापूस-सोयाबीनच्या डोळ्यांना एवढ्या हिरव्याची सवय नाही. एरवी मी हौसेने बघितलं असतं. त्या दिवशी मागच्या काचेतून ईशूच्या वेण्या तेवढ्या दिसत होत्या, त्याच बघत बसले.

घर नदीपासून जरा आत, शेतातच. अंगणात ईशूच्याच वयाची एक मुलगी कपडे वाळत घालत होती. "ही पल्लवी," ताई म्हणाल्या. "इस्वरीच्याच वर्गात घातली व्हती ना, तुमच्याबरोबर. पयल्या दिवाळीच्या आधीच आणली माघारी. लय रडायची. म्हणलं, शाळा काय गावात नाय का."

मी तिथेच पायरीवर बसले. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ या बाईची स्वतःची मुलगी त्या शाळेत नाही. मी समजत होते की त्या आपल्या मुलीला भेटायला जातात आणि जाता जाता माझ्या मुलीला हाक मारतात. तेवढ्यासाठी मिठाईचा खोका मला पुरेसा वाटत होता.

"मग तुम्ही कशाला जात राहिलात?" मी विचारलं. माझा आवाज बँकेतला निघाला, उलटतपासणीचा.

"आता काय सांगू. नाव लिवून दिलं व्हतं ना," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या.

जेवायला बाजरीची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, हिरवा ठेचा. आमच्याकडे ज्वारी, त्यामुळे बाजरी मला जड जाते. पण गरम भाकरी काय होती ती! ईशू पल्लवीच्या शेजारी बसून भाकरी थापत होती आणि तिच्या हातून भाकरी गोल होत होती. वरणात मिरचीचा तुकडा आला तर रडणारी माझी मुलगी ठेचा बोटाने चाटत होती. माझे धपाटे मी ताटात वाढले. ते आता चामड्यासारखे झाले होते. सगळ्यांनी आवर्जून खाल्ले. ईशूनेही एक खाल्ला. "छान झालेत," ती म्हणाली. पाहुण्यांकडे गेलं की असं म्हणायचं असतं, हे मीच तिला शिकवलं होतं.

संध्याकाळी कुसुमताईंकडे हळदीकुंकू होतं. रथसप्तमीपर्यंत चालतंच. आमच्या कॉलनीत बायका वाण घेऊन उभ्याउभ्या पुढच्या घरी पळतात. इथे सतरंजी पसरून सगळ्या बसल्या. सून कशी, गाय कशी, कांद्याचं रोप कसं, सगळ्यांचं निघालं. वाण म्हणून स्टीलची चहाची गाळणी. ईशू एका हातात गुलाबपाण्याची दाणी आणि दुसऱ्या हातात तिळगुळाची वाटी घेऊन फिरत होती. तिला सगळ्या बायकांची नावं ठाऊक होती. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची म्हैस आटली, सगळं ती विचारत होती.

माझ्याशेजारच्या म्हाताऱ्या आजींनी मला निरखून बघितलं. "ह्या कोण गं कुसुम?"

"ह्या इस्वरीच्या आई. नांदेडहून आल्यात."

"हिला आई हाय?" आजी मोठ्यांदा म्हणाल्या. सतरंजीवरच्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. आजींनी माझ्या हातावर हात ठेवला. "राग मानू नको बाई. पोर दर महिन्याला दिसती. मला वाटलं कुसुमनं पाळलीय."

कुसुमताई लगबगीने म्हणाल्या, "काय बी बोलू नको आत्ये. नोकरी असती त्यांना, बँकेत." सगळ्यांनी माना डोलावल्या. बँक म्हटल्यावर माझा अपराध कमी झाला असावा. मी मात्र त्या गाळणीकडे बघत होते. मी उठून जाऊ शकत नव्हते, कारण जायचं कुठे? ईशू ओळीने माझ्यापर्यंत आली, माझ्या तळहातावर गुलाबपाणी शिंपडलं, "तिळगूळ घे आई" म्हणाली आणि पुढे सरकली. पुढे अजून दहा बायका बसल्या होत्या.

रविवार, बांधावर

सकाळी कांद्याची लागवड चालू होती. बायका उकिडव्या बसून वाफ्यात रोपं लावत मागे मागे सरकत होत्या. ईशू आणि पल्लवी त्यांच्यात होत्या. मी आणि कुसुमताई बांधावर रोपांच्या जुड्या सोडत बसलो. रात्रभर मी जे गिळून होते ते बाहेर आलंच.

"ती पण रडायची का? पल्लवीसारखी?"

ताईंनी हातातली जुडी सोडून बाजूला ठेवली. "दोघी संगंच रडायच्या. फोनवर रडलं की मागच्या मुली वरडायच्या, टाइम संपतो म्हणून. मंग तुमच्याशी बोलताना ती नाय रडायची. मला येऊन सांगायची. तुम्ही सुट्टीला न्यायला येणार असल्या की म्हणायची, माई, ह्या वेळी येऊ नको, आई येतीय."

"मला कुणी सांगितलं नाही."

"एक फोन केला व्हता ताई मी. आठवत नसंल तुम्हाला."

आठवत होतं. सप्टेंबरअखेरचं काम होतं, माझ्यापुढे फायलींचा ढीग होता. त्या म्हणाल्या होत्या, ताई, मी पल्लवीला घरी आणतेय, तुमच्या पोरीचं पण बघा काहीतरी. आणि मी फोन खांद्याने कानाशी धरून, सह्या करता करता म्हणाले होते, "तुम्ही फार लक्ष देऊ नका हो. लाडावते ती. आपोआप रुळेल."

"मंग म्हणलं, आईचं म्हणणं हाय," कुसुमताई म्हणाल्या. "मी कशी आणणार? तुमची पोर. पण भेटायला कोणी नको का." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. भांडणात मी हरत नाही.

दुपारी ईशूला घेऊन मी बांधाच्या टोकाला गेले. अर्ज काढून तिच्या हातात दिला. तिने हात फ्रॉकला पुसले आणि तो सावकाश वाचला, दोन्ही सह्यांपर्यंत.

"म्हणजे नववी नांदेडला?"

"हो. माझी बदली झाली गावातच. आता आपण एकत्र."

"तू घरी किती वाजता येणार?"

"साडेसहा. कधी सात."

"आणि बाबा?"

"बाबांचं तुला माहीतच आहे."

तिने मनात हिशेब केला. "शाळा दोनला सुटेल. म्हणजे पाच तास."

"मी कुणालातरी ठेवीन ना तुझ्याजवळ."

"कुणाला?"

मी मनात एकेक घर मोजायला लागले. नांदेडला माझं आयुष्य गेलं. शेजारी आहेत, भिशी आहे, दोनशे लोक नावाने ओळखतात. पण माझ्या मुलीजवळ पाच तास बसेल असं एक माणूस मला आठवेना. नाशकात मात्र रांगेत दहा मिनिटं भेटलेलं एक निघालं होतं.

"तुला इथे आवडतं का मग?" मी विचारलं. मला वाटतं, आवडतं म्हणाली असती तरी मी सावरले असते.

"हॉस्टेल नाही आवडत," ती म्हणाली. "पण मला येतं आता. तिकडे भीती वाटायची, इकडे पण वाटली. मग गेली. आता परत पहिल्यापासून नको."

"ईशू, माझ्यासाठी ये." हे मी बोलले. आईने बोलू नये ते बोलले, कारण माझ्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. त्या घरात ती नसताना मला कसं होतं, हे मी अडीच वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. तिला तर नाहीच.

तिने माझ्याकडे बघितलं. मग हात पाठीमागे बांधले, ऑफिसात उभी होती तसे. "तू म्हणशील तर येईन," ती म्हणाली.

आणि खरंच आली असती. अर्जावर सही माझी, मुलगी माझी, अर्ज सोमवारी ऑफिसात गेला असता. तिने एक शब्द उलट केला नसता, आणि नांदेडला येऊन कुलूप काढून आतून कडी लावून बसली असती. मी अर्ज तिच्या हातातून घेतला, फाडला, आणि तुकडे कुठे टाकायचे ते कळेना म्हणून पुन्हा पर्समध्येच ठेवले. तिला हायसं वाटलं. तिने लपवायचा प्रयत्न केला, पण आईला दिसतं. एवढं तरी मला अजून दिसतं.

परत गंगापूर रोड

पाचला मुलींनी आत असावं लागतं. कुसुमताई फाटकाजवळ पिकअपपाशी थांबल्या, मुद्दामच. ईशू आणि मी दोघी पुढे गेलो. बाकीच्या मुलीही परतत होत्या. एक लहानशी, सहावीतली असावी, बापाच्या पँटला धरून हंबरडा फोडत होती. बाप इकडेतिकडे बघत होता. ईशूने त्या मुलीकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी नीट, ताठ उभी होते. बदलीच्या गावी निघालेल्या लोकांना निरोप देताना उभी असते तशी.

पण तिला दिसलंच असावं. तिने मला जरा बाजूला ओढलं, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन भराभर सांगू लागली.

"आई, ऐक. पहिले आठ दिवस जड जातात. रडू आलं तर सगळ्यांसमोर नाही रडायचं, अजून वाईट वाटतं. आंघोळीला शेवटचा नंबर लावायचा. बादली नळाखाली ठेवायची आणि नळ पूर्ण सोडायचा, बाहेर काही ऐकू जात नाही. मग डोळ्यांवर गार पाणी मारायचं, गरम नाही. गरमने लाल होतात. नव्या मुलींना आम्ही हेच सांगतो."

घंटा झाली. तिने माझा हात एकदा दाबला आणि ती हजेरीला पळाली.

सोमवारी मी नांदेडला आले. मंगळवारी नव्या शाखेत हजर झाले. हल्ली सकाळी घरात मी एकटीच असते, नवरा दौऱ्यावर असतो. ऐकायला कुणीही नसतं. तरी मी नळ पूर्ण सोडते.